मुंगसाच्या मागे बंगळूरला

बंगळूरहून परत येऊन तीन आठवडे झाले, तरी शिक्षकांच्या खोलीत कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, काय काय पाहिलंत?" लालबाग पाहिली नाही. राजवाडा पाहिला नाही. रेशमी साडी आणली नाही म्हणून घरचे नाराज आहेत ते वेगळंच. जे पाहिलं ते सांगायला बसलं की मधली सुट्टी संपते, गोष्ट अर्धी राहते, आणि ऐकणारीबरोबर माझाही गोंधळ वाढतो. म्हणून एकदा लिहूनच काढते.

मी कराडला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. आठवीच्या एका धड्यात 'मंगूज' हा शब्द आहे. दरवर्षी एखादी चुणचुणीत मुलगी उभी राहते. "बाई, 'गूज'चं अनेकवचन 'गीज', मग 'मंगूज'चं 'मंगीज' का नाही?" मी सांगते, त्या शब्दाचा हंसाशी काही संबंध नाही. ते आपलं मुंगूस आहे. साहेबानं आपल्याकडून उचललं आणि आपल्या तोंडाला येईल तसं वळवून घेतलं. इतकं सांगितलं की वर्ग खूश होतो. साहेबाच्या भाषेतून आलेल्या शब्दांत दिवस काढणाऱ्या मुलींना एखादा शब्द उलट्या दिशेनं गेलेला ऐकून बरं वाटतं. मलाही वाटायचं.

गेल्या दिवाळीत यावर मी एका त्रैमासिकात लेख लिहिला. इंग्रजी शब्दकोशात या शब्दापुढे 'मराठीवरून' एवढंच असतं. माझ्याकडे त्याहून जास्त होतं. ग्रंथालयातल्या एका जुन्या विशेषांकात मला बंगळूरच्या हनुमंतराव नावाच्या गृहस्थांचा लेख सापडला होता. बंगळूरजवळ पलटणीची छावणी पडलेली असताना साहेबाच्या तंबूत नाग शिरला. एका प्राण्यानं येऊन तो मारला. साहेबानं आपल्या मराठा कारकुनाला, रानोजीला, विचारलं, "हे काय?" रानोजी म्हणाला, "मुंगूस." साहेबानं शब्द वहीत टिपून घेतला आणि तो विलायतेला गेला. रानोजीच्या वंशजांकडे मोडीतले कागद आहेत आणि त्यांत हे सगळं नोंदलेलं आहे, असंही लेखात होतं. ही हकिकत मी माझ्या लेखाच्या मध्यभागी बसवली.

त्यावर मला बंगळूरहून दोन पत्रं आली. एक त्याच रानोजीच्या वंशातल्या कृष्णोजीरावांचं. ते तिथल्या एका मराठी मंडळाचे अध्यक्ष. 'आमच्या घराण्याचं नाव तुम्ही पुन्हा उजेडात आणलंत, व्याख्यानाला या,' असा आग्रह होता. दुसरं साधं पोस्टकार्ड, खुद्द हनुमंतरावांचं. 'तुमचा लेख वाचला. त्यात एक चूक आहे. ती माझी आहे. लिहून सांगण्यासारखी नाही. याल तेव्हा बोलू.'

मी दोघांनाही उत्तर पाठवलं. कृष्णोजीरावांनी मे महिन्यातला रविवार ठरवला. हनुमंतरावांकडून पुढे काहीच आलं नाही.

राजाजीनगर, गुरुवार

गाडीतून उतरल्यावर पहिला दिवस मी पत्त्यातच घालवला. बंगळूरच्या पत्त्यात 'मेन' म्हणजे उभा रस्ता असतो आणि 'क्रॉस' म्हणजे आडवा, आणि दोन्हींना नुसते आकडे. हनुमंतरावांचं घर चौथ्या मेनच्या नवव्या क्रॉसवर होतं. मी नवव्या मेनच्या चौथ्या क्रॉसवर उभी राहून एका घराची घंटा वाजवत होते. आतल्या बाईंनी मला शांतपणे बसवलं, पाणी दिलं, मी कोण ते विचारलंच नाही आणि कन्नडमध्ये पुष्कळ बोलल्या. त्यांच्या घरी कुणीतरी पाहुणी येणार होती आणि त्या मला तीच समजल्या होत्या, हे त्यांच्या मुलीनं येऊन इंग्रजीत सांगितलं तेव्हा मला कळलं. मग तीच मला योग्य घरापर्यंत पोचवून गेली.

दार एका पन्नाशीच्या बाईंनी उघडलं. मी नाव सांगितलं.

"या अक्का, या. बसून घ्या. ऊटा झालं का?" जेवण झालं का, असं त्या विचारत होत्या. त्या शारदा, हनुमंतरावांच्या कन्या, बँकेत नोकरीला. "मामांचा कार्यक्रम रविवारी ना? तुम्ही आजच आलात!"

मामा म्हणजे कृष्णोजीराव. हनुमंतरावांच्या दिवंगत पत्नीचे ते भाऊ, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. मी म्हणाले, "मी हनुमंतरावांना भेटायला आलेय. त्यांचं कार्ड आलं होतं."

"अप्पांचं? कार्ड?" शारदा माझ्याकडे पाहतच राहिल्या. "अप्पांना चार महिन्यांमागं झटका आला की अक्का. उजवा हात चालत नाही. बोलणं पण गेलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मला सांगणार कोण? त्या कार्डाबद्दल घरात कुणालाच माहीत नव्हतं.

अप्पा आतल्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. पांढरी बंडी, स्वच्छ दाढी, मांडीवर निपचित पडलेला उजवा हात. एका सरकारी कारखान्यात त्यांनी नकाशे काढायचं काम केलं आणि निवृत्त झाले. शब्दांचा नाद मात्र लहानपणापासूनचा. शारदा त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं, एकेक अक्षर सोडत म्हणाल्या, "अप्पा, बघा कोण आलंय! छान छान गोष्टी सांगणाऱ्या बाई!" अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"ऐकू कमी येतं का?" मी विचारलं.

"नाही, ऐकू येतं, समजतं पण. डॉक्टर म्हणाले सगळं समजतं. पण सवय लागली बघा असं बोलायची." त्या ओशाळून हसल्या. "दोन-चार शब्द येतात. ते पण कन्नडाचे. घरात आम्ही मराठी बोलतो, पिढ्यान् पिढ्या इथं राहून पण बोलतो, आणि अप्पांची नेमकी मराठीच गेली. का म्हणून कुणाला सांगता येत नाही."

मी पर्समधून पोस्टकार्ड काढून अप्पांच्या समोर धरलं. त्यांनी डोळे उघडले. कार्ड पाहिलं, मला पाहिलं. मग डावा हात उचलून कपाटाच्या माथ्याकडे केला आणि तो तसाच धरून ठेवला. शारदा उठेपर्यंत खाली घेईनात.

कपाटावर बुटांचा एक खोका होता, आणि त्यात पोस्टकार्डांच्या आकाराचे कापलेले कागद. शारदांनी तो खाली काढून माझ्या मांडीवर ठेवला. मी पहिला कागद उचलला. सगळा मजकूर कन्नड लिपीत. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. अप्पांनी टिपणं कन्नडमध्ये केली असतील तर माझा काय उपयोग, असं मनात येऊन मी खोका शारदांना परत दिला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"'मुंगूस. तेलुगूत मुंगिस म्हणतात. आपल्या कन्नडात मुंगुसि. तमिळात मात्र कीरी, त्याचा यांच्याशी काही मेळ नाही.'"

मी दचकलेच. ती मराठी होती! अक्षर न् अक्षर मराठी, फक्त लिपी कन्नड. "आम्हा लोकांची शाळा कन्नड की अक्का," शारदा म्हणाल्या. "मराठी कानानं शिकलो. लिहायचं तर असंच. देवनागरी अप्पा मोठेपणी शिकले, ती फक्त बाहेर पाठवायच्या कागदांना." माझ्याच भाषेचा कागद माझ्या हातात होता आणि त्यातलं एक अक्षर मला लागत नव्हतं. असा प्रसंग आयुष्यात कधी आला नव्हता.

शारदा वाचत गेल्या. सापवाल्यांना विचारलेलं, खेड्यातून बाजाराला येणाऱ्या बायकांना विचारलेलं, कारखान्यातल्या कोकणी मित्राला विचारलेलं. हा शब्द मराठीनं कन्नड-तेलुगूकडून घेतला असावा, की त्यांनी मराठीकडून, याचा अप्पांनी दोन्ही बाजूंनी विचार केला होता. एका कागदावर नुसतं 'कळत नाही' असं होतं.

मग एक कागद त्यांनी उचलला, मनातल्या मनात वाचला आणि खोक्यात परत ठेवला. "बस, इतकंच आहे."

अप्पांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "ओदु!" शारदांनी खोका बाजूला सारला. पुन्हा थाप. "ओदु! ओदु!"

हा शब्द मला येत नव्हता, पण अर्थ कळायला वेळ लागला नाही. वाच.

शारदांनी कागद पुन्हा घेतला. आवाज अगदी लहान झाला होता. "'रानोजीची गोष्ट मी रचली. तंबू, साहेब, नाग, सगळं माझ्या डोक्यातलं. कृष्णोजीच्या घरच्या कागदांत काय आहे ते मला ठाऊक नाही. मला मोडी वाचता येत नाही. वाचता येते असं मी सांगितलं होतं.'"

अप्पा माझ्याकडे पाहत होते. मी काय म्हणायला हवं होतं? त्यांचा राग यावा, की माझा स्वतःचा? त्यांनी एकदा खोटं लिहिलं होतं. मी ते तपासलं नाही, उलट इस्त्री करून पुन्हा छापलं. मी म्हणाले, "अप्पा, कार्ड लिहिलंत ते बरं केलंत." ते पुरेसं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

निघताना शारदा फाटकापर्यंत आल्या. "अक्का, एक मागते. रविवारी हे बोलू नका. मामा तीच गोष्ट सगळ्या लग्नांत, मुंजींत सांगतात. मंडळात अप्पांना मान आहे तो त्या लेखामुळं. आता या वयात, या अवस्थेत... बिडी अक्का. सोडून द्या."

मी "बघते" म्हणाले.

हेब्बाळ, शुक्रवार

माझी राहायची सोय मंडळानं हेब्बाळला केली होती, केतकी वैद्य यांच्याकडे. त्या मूळच्या पुण्याच्या, सहा वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेत नोकरीला आलेल्या. त्यांचं मराठी ऐकून घरी आल्यासारखं वाटायला हवं होतं, पण एका दिवसात शारदांच्या बोलण्याचीच चटक लागली होती. "बाई, टॉपिक एकदम इंटरेस्टिंग आहे," केतकी म्हणाल्या. "इथे ना आपल्याला सारखं आउटसायडर फील होतं. म्हणून असं काही ऐकलं की प्राउड वाटतं."

मी त्यांना काहीच सांगितलं नाही.

सकाळी तलावाच्या बाजूनं फिरायला गेले. पाणी शांत होतं, कडेच्या गवतात बगळे. कराडला संगमावर पाणी सतत चाललेलं असतं, थांबलेलं पाणी मला ओळखीचं नाही. तिथे एक बाई म्हशी धूत होत्या. तेवढ्यात बांधावरून एक लांबट तपकिरी प्राणी सरसर पळाला, मध्येच थांबून मागं वळून पाहिलं आणि झुडपात घुसला. म्हशीवाल्या बाईंनी मला हाक मारली, तिकडे बोट दाखवलं आणि हसून हात जोडले. मुंगूस दिसणं शुभ, हे तिथेही आहे तर! आम्ही लहानपणी मुंगसाला तोंड दाखव म्हणून विनवत त्याच्या मागे पळायचो.

मी विचारलं, "काय म्हणता तुम्ही याला?" मराठीतच विचारलं, दुसरं काय येत होतं! त्यांनी उत्तर दिलं. ते 'मुंगूस' होतं की 'मुंगुसि'? शेवटची इ त्यांनी उच्चारली की मला ऐकू आल्यासारखी वाटली? मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, आणि मला पहिल्याहून कमी कळलं. तिसऱ्यांदा विचारायला लाज वाटली.

नाश्त्याला केतकींनी उभ्यानं खायच्या एका हॉटेलात नेलं. एका बशीत पिवळा गोड शिरा आणि तिखट उपमा शेजारीशेजारी, एकमेकांना टेकलेले. कुठलं आधी संपवायचं ते मला ठरवता येईना. मी दोन्ही एकदम संपवलं, तेव्हा शेवटच्या घासाला ते गोड होतं की तिखट, हेही सांगता आलं नसतं.

शनिवार, पुन्हा राजाजीनगर

कृष्णोजीराव दोन गल्ल्या पलीकडे राहतात. पंचाहत्तरीचे, ताठ, मिशीला पीळ. त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. पानात आमटी होती, आणि ती सार म्हणून वाढली. चिंच आमच्यापेक्षा जास्त, वर भाजल्या मिरचीची फोडणी, भाताच्या आधी कोशिंबीर. सून आग्रह करत होती, "स्वल्प घ्या, स्वल्प." थोडंसं घ्या म्हणत तिनं चार वेळा वाढलं.

जेवणानंतर ते देवघरातून लाल फडक्यात बांधलेलं दप्तर घेऊन आले. हात धुऊन, नमस्कार करून उघडलं. जुने, कडा तुटलेले कागद, मोडीच्या सलग ओळी.

"दसऱ्याला पूजा करतो," ते म्हणाले. "आम्ही इथं आलो तेव्हापासूनचे आहेत. इथले लोक विचारतात, तुम्ही मराठे, इकडं काय करता. तिकडचे येतात, ते म्हणतात, तुमचं मराठी असं कसं हो? आम्ही दोन्हीकडचे पाहुणेच. पण हे कागद आहेत. इंग्रजाला शब्द दिला तो आमच्या रानोजीनं. या घरानं. हे कुणाला नाही म्हणता येत नाही."

"तुम्ही वाचलेत?" मी विचारलं.

"मला कुठं येतं मोडी! हनुमंतरावांनी वाचले. एक आठवडा घरी नेऊन ठेवले होते. त्यांनी सांगितलं तेव्हा आमचे वडील रडले, माहीत आहे?" ते कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तुम्ही वाचा की बाई. तेवढा भाग वाचून दाखवा उद्या."

मलाही मोडी येत नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि फडकं पुन्हा बांधलं. त्या दप्तरात काय होतं, देव जाणे. कदाचित त्यात खरंच कुणी रानोजी असेलही.

त्या घरातून बाहेर पडले तेव्हा माझी अवस्था आणखी वाईट होती. गुरुवारी मला फक्त एका माणसाचा विचार करायचा होता. आता दोघांचा होता. खरं सांगितलं तर हा म्हातारा मोडेल, नाही सांगितलं तर तो. शिवाय तिसरी मी होतेच, येत्या जूनमध्ये आठवीच्या वर्गात उभी राहणारी. पुन्हा वाट चुकले. एका क्रॉसच्या कोपऱ्यावर फुलवालीला विचारलं, तर तिनं ज्या हातानं दिशा दाखवली त्याच हातानं पदर सावरला, आणि मी पदराच्या दिशेनं गेले.

रविवार

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मध्ये वाट, वाटेच्या डावीकडे जुनी घराणी, उजवीकडे पुण्या-मुंबईकडून आलेली मंडळी. असं बसा, असं कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत अप्पा होते. शारदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी आणणार नव्हते. सकाळपासून जेवले नाहीत. कोटाकडे बोट दाखवत बसले. शेवटी कोट घातला तेव्हा दूध घेतलं." मग हळूच, "तुम्ही ठरवलंत?"

"नाही," मी म्हणाले. खरंच ठरवलं नव्हतं. माझ्या पर्समध्ये दोन भाषणं होती.

कृष्णोजीरावांनी प्रास्ताविक केलं. रानोजीची हकिकत त्यांनी माझ्यासाठी ठेवली नाही, स्वतःच सांगितली, तंबूपासून विलायतेपर्यंत. टाळ्या झाल्या. "आणि हा इतिहास ज्यांनी शोधला ते आमचे मेहुणे, हनुमंतराव!" पुन्हा टाळ्या.

मी उठले. 'मंगीज'चा किस्सा सांगितला, लोक हसले. शब्दकोशाचं सांगितलं. मग कन्नडचं मुंगुसि, तेलुगूचं मुंगिस सांगितलं आणि म्हणाले, शब्दाचं मूळ मराठीच्याही मागे जात असेल, किंवा नसेल, मला माहीत नाही. उजवीकडे चुळबुळ झाली. एक तरुण इंजिनिअर हात वर करून म्हणाला, "मॅडम, पण रानोजींचा एव्हिडन्स आहे ना? मग कन्फ्यूजन कशाला?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. प्यायले नाही. "त्या हकिकतीबद्दल..." इतकं म्हटलं आणि थांबले. शारदा मांडीवरच्या हातांकडे पाहत होत्या. कृष्णोजीराव हसतमुखानं माझ्याकडे. मला पुढचा शब्द येईना. अठ्ठावीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी, पण शब्द येईना म्हणजे येईना.

"सुळ्ळु."

अप्पांचा आवाज होता. घोगरा, पण साऱ्या हॉलला ऐकू जाईल इतका. त्यांनी डावा हात छातीवर ठेवला आणि पुन्हा म्हणाले, "सुळ्ळु!"

डावी बाजू एकदम स्तब्ध झाली. उजवी बाजू एकमेकांना विचारायला लागली, काय म्हणाले, काय म्हणाले? केतकी माझ्याकडे पाहत होत्या. मलाही कळलं नव्हतं. अप्पांचे ओठ हलत होते. ते दुसरा शब्द शोधत होते, आमच्या बाजूचा शब्द, आणि तो सापडत नव्हता. कपाळावर घाम आला. बघवत नव्हतं.

तेव्हा शारदा उभ्या राहिल्या. लोकांकडे तोंड केलं.

"खोटं," त्या म्हणाल्या. "अप्पा म्हणतात ते खोटं आहे म्हणून. रानोजीची गोष्ट त्यांनी स्वतः बनवली. त्यांना मोडी येत नव्हती. हे त्यांनी लिहून ठेवलंय, मी वाचलंय." मग जरा थांबून, "मी या बाईंना बोलू नका म्हणून सांगितलं होतं. बाईंची चूक नाही."

कृष्णोजीराव खुर्चीतून उठले, खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि मधल्या वाटेनं बाहेर गेले. त्यांच्यामागे डावीकडचे बरेच जण उठले. मी व्याख्यान पुरं केलं का? केलं, असं केतकी सांगतात. मला एवढंच आठवतं की माझ्या लेखातला तो भाग चुकीचा आहे, मी न तपासता छापला, आणि तसं पत्र संपादकांना लिहीन, हे मी बोलले. त्या इंजिनिअरनं पुन्हा विचारलं, "मग शब्द आपला आहे की नाही?" मी म्हणाले, "आपण वापरतो, तेही वापरतात. यापुढे मला माहीत नाही." तो नाराज होऊन खाली बसला.

परतताना शारदा माझ्याशी बोलत नव्हत्या. घर आल्यावर म्हणाल्या, "तुम्ही उद्या जाणार अक्का. मला मामांच्या गल्लीतच राहायचंय." त्या रागात बोलल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं.

सोमवार

गाडी दुपारची होती. निरोप घ्यायला सकाळी गेले. अप्पा कोट घालूनच बसले होते, रात्री काढू दिला नाही म्हणे. मला पाहून त्यांनी डावा हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत धरला. शारदा कॉफी करत होत्या.

फाटक वाजलं. कृष्णोजीराव आत आले. माझ्याकडे पाहिलं नाही, चपला भिरकावल्या, सरळ आतल्या खोलीत जाऊन अप्पांसमोर उभे राहिले आणि कन्नडमध्ये सुरू झाले. आवाज चढत गेला. बोट अप्पांच्या नाकासमोर नाचत होतं. मध्येच 'वडील' हा मराठी शब्द दोनदा आला, 'रानोजी' पुष्कळदा. मी घाबरून उठले. आजारी माणूस, काही झालं तर?

अप्पांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि काहीतरी उलट बोलले. एकच शब्द. कृष्णोजीराव आणखी भडकले. अप्पा आणखी एक शब्द बोलले, मग आणखी एक. चार महिन्यांत दोन-चार शब्दांपलीकडे न गेलेला माणूस तुटक तुटक, अडखळत, लाल होऊन भांडत होता.

मी स्वयंपाकघरात धावले. "अहो, बघा ना, काय म्हणतायत ते दोघं?"

शारदा गाळणीतून पडणाऱ्या कॉफीकडे पाहत, कान देऊन उभ्या होत्या.

"काही नाही. मामा म्हणतात, तू लबाड आहेस, तू पहिल्यापासून लबाड होतास, बहीण दिली ती चूक झाली."

"आणि अप्पा?"

"अप्पा म्हणतात, दिली कुठं, ती आपणहून आली." त्यांनी डोळे पदरानं पुसले. त्या हसत होत्या. "झटका आल्यापासून कुणी भांडलं नव्हतं बघा अक्का त्यांच्याशी. आम्ही सगळे छान छान बोलत होतो."

त्यांनी कॉफीचे तीन पेले भरले, मग चौथा काढला. मी माझा घेतला. मी दाराशी येईपर्यंत भांडण ऐकू येत होतं, आणि रिक्षात बसल्यावरही मला कृष्णोजीरावांचा आवाज ओळखू आला, आणि त्याच्या मागून, थांबून थांबून, दुसरा.